पोकळ पीएलए प्रिंटमध्ये दोन भागांचा फोम: पोट फुगले, पाय पोकळ राहिले

पोकळकवच (प्रश्न)

थ्रीडी प्रिंट केलेला एक उभा घोडा आहे. प्लास्टिक पीएलए, भिंत २ मिमी, उंची साधारण ४५ सेंमी, आत इन्फिल (आधाराची जाळी) अजिबात नाही. धड, मान-डोके आणि चार पाय असे सहा तुकडे वेगळे प्रिंट करून चिकटवले आहेत. बोटाने दाबले की भिंत आत जाते आणि टिचकी मारली की डब्यासारखा आवाज येतो. म्हणून आत दोन भागांचा कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरायचा आहे. बाटलीवरची माहिती: घनता ६४ किलो प्रति घनमीटर, प्रमाण आकारमानाने १:१, क्रीम टाइम (मिसळल्यापासून फुगायला लागेपर्यंतचा वेळ) ४० सेकंद.

चांगल्या प्रिंटला हात लावण्याआधी त्याच मापाच्या टाकाऊ प्रिंटवर चाचणी केली. घोडा पायांवर उभा ठेवला, पाठीवर २० मिमीचे एक भोक पाडले, ए आणि बी हे दोन्ही भाग प्रत्येकी १५० ग्रॅम वजन करून घेतले, काडीने ढवळले आणि सगळे एकदम ओतले. निकाल असा:

पोट दोन्ही बाजूंनी सुमारे ५ मिमी फुगले आणि पाठीवरचा जोड उसवला. भिंत हाताला चांगलीच गरम लागत होती. मागचे पाय गुडघ्याखाली पूर्ण रिकामे निघाले. पुढच्या पायांत फोम गेला, पण दुसऱ्या दिवशीही बोटाने दबतो आणि चिकट लागतो. मानेत अर्ध्यापर्यंतच पोहोचला, डोके रिकामे.

एकीकडे फुगले आणि दुसरीकडे भरलेच नाही, हे एकाच वेळी कसे झाले? माल कमी करायचा की वाढवायचा? भोके कुठे पाडायची? आणि बांधकामात फटी बुजवायला डब्यातला स्प्रे फोम मिळतो, तो चालेल का?

---

साचेकाम

आधी हिशेब करू, कारण त्यातूनच उत्तर निघते. किलो प्रति घनमीटर म्हणजेच ग्रॅम प्रति लिटर. ६४ चा फोम मोकळा फुगला तर एका लिटरला ६४ ग्रॅम लागतात. तुम्ही दिलेल्या मापाच्या घोड्याची पोकळी साधारण ५ लिटरच्या आसपास असावी. धड ३.६ लिटर, मान-डोके ०.९ आणि चार पाय मिळून ०.७ धरले तर ५.२ लिटर, म्हणजे किमान ३३३ ग्रॅम. तुम्ही ३०० घातले, त्यातले काही कपाला चिकटून राहिले. माल जास्त झालेलाच नाही, उलट कमी पडला. चुकले ते एकदम ओतणे.

हा फोम फुगतो तो रासायनिक क्रियेने, आणि ती क्रिया उष्णता सोडते. फुगल्यावर तोच फोम उत्तम उष्णतारोधक होतो, त्यामुळे मधली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. मोठ्या गोळ्याचे पोट १०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतो. म्हणजे भिंत मऊ झाली त्याच वेळी आतून दाब आला. थंड भिंतीला जो दाब काहीच करू शकला नसता, त्याच दाबाने मऊ भिंत बाहेर ढकलली. सगळ्यात मोठा गोळा धडात होता, म्हणून फुगवटा पोटावरच आला.

मागचे पाय रिकामे राहिले ते हवेमुळे. उभ्या घोड्यात पाय म्हणजे खाली बंद असलेल्या अरुंद नळ्या. पातळ मिश्रण मांडीपाशी नळीच्या तोंडावर पडद्यासारखे बसले, खालची हवा अडकली आणि तिच्यावरच फोम फुगून घट्ट झाला. मानेचे कारण साधे आहे. फोम वर चढतो, पण लांब आणि तिरप्या वाटेने जाता जाता घट्ट होत जातो. तिथपर्यंत तो स्वतः जाईल या भरवशावर राहायचे नाही, तिथे नेऊन ओतायचे.

आता चांगल्या प्रिंटसाठी.

पोकळी नीट मोजा. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या पृष्ठभागाचे आकारमान मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर कोरडी बारीक वाळू भोकातून भरा, हलवून बसवा, बाहेर काढून मापाच्या भांड्यात मोजा आणि नंतर आतला कण न् कण झटकून काढा. पाण्याने मोजू नका. आत राहिलेला ओलावा ए भागातल्या आयसोसायनेट या रसायनाशी क्रिया करून जादा कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि भिंतीलगत मोठमोठे बुडबुडे व ठिसूळ थर तयार होतो.

टप्प्यांत ओता. धडाला ३.६ × ६४ म्हणजे २३० ग्रॅम, त्यावर १५ टक्के जास्त धरून २६५. याचे चार टप्पे करा. प्रत्येक टप्प्याला ६६ ग्रॅम आत जायला हवेत, कपाला ५-६ ग्रॅम चिकटतात, म्हणून ७२ ग्रॅम कालवा. फुगल्यावर एका टप्प्याची जाडी ३-४ सेंमीच्या वर जाऊ देऊ नका. पुढचा टप्पा घड्याळ पाहून नाही, हात लावून ओतायचा. बाहेरची भिंत खोलीइतकी थंड लागली की मगच. याला साधारण अर्धा तास लागतो. आधीच्या थरावर गुळगुळीत साय धरलेली असते. वाकवलेल्या तारेने ती ओरखडून भुगा हलवून बाहेर काढा, म्हणजे पुढचा थर पकडतो.

जागा बदलत ओता. हे सगळ्यात महत्त्वाचे. प्रत्येक वेळी जो भाग भरायचा तो सगळ्यात खाली हवा आणि हवेला वर जायची वाट हवी.

पहिली स्थिती, नाक खाली. घोडा बादलीत नाकावर टेकवून धरा. पोटाखाली, जिथे दिसणार नाही तिथे २० मिमीचे भोक. त्यातून १५ मिमी जाड पॉलिथिनची नळी मानेच्या तळाशी नेऊन ओता. मान-डोक्याला जादा धरून ६६ ग्रॅम लागतात, ते दोन टप्प्यांत. नळीलाही माल चिकटतो, तो वेगळा धरा. कान आतून पोकळ असतील तर ते आधीच इपॉक्सी पुटीने बुजवून टाका, तेवढ्या बारीक जागेत फोम कधीच नीट जात नाही.

दुसरी स्थिती, पाठ खाली आणि पाय वर. आता पाठ हा तळ झाला. पोटाच्या भोकातून धडाचे चार टप्पे. या स्थितीत उंच राहणाऱ्या जागा म्हणजे मागच्या दोन पायांमधली खोबण आणि छातीचा पुढचा भाग. तिथे प्रत्येकी एक ३ मिमीचे भोक. त्यातून फोमची गाठ बाहेर आली की समजायचे की ती जागा भरली. ती गाठ पुसायची नाही. ओला फोम पुसला की पसरतो आणि पीएलएला कायमचा धरतो. घट्ट झाल्यावर धारदार पात्याने एका फटक्यात कापली जाते.

तिसरी स्थिती तीच, पण आता पायांतून. प्रत्येक खुराच्या तळाला १२ मिमीचे भोक पाडून वरून ओता. पाय वर असल्यामुळे ओतायचे तोंड हाच हवेचा मार्ग होतो.

स्प्रे फोमबद्दल: नको. तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. बंद पोकळीत बाहेरचा थर घट्ट होतो आणि आतला माल कित्येक दिवस चिकट राहतो. पुढे ओलावा पोहोचेल तसा तो सावकाश फुगत राहतो आणि तोवर रंगकाम झालेले असते.

---

वजनकाटा

साचेकाम यांनी उष्णतेचे सांगितले ते बरोबरच आहे. पण पुढच्या पायांतला चिकट फोम हा वेगळा दोष आहे आणि तो ‘प्रत्येकी १५० ग्रॅम’ या तीन शब्दांत आहे.

बाटलीवर १:१ लिहिले आहे ते आकारमानाने. ए म्हणजे आयसोसायनेट, तो जड असतो, साधारण १.२३ ग्रॅम प्रति मिलि. बी म्हणजे पॉलिऑलचे मिश्रण, ते बहुधा १.०५ ते १.१ च्या दरम्यान. बी १.०८ धरला तर वजनाने प्रमाण १०० भाग ए ला ८८ भाग बी येते. तुम्ही समान वजन घेतले, म्हणजे ए सुमारे १२ टक्के कमी पडला. ए कमी पडला की पॉलिऑलचा काही भाग जोडीदाराविना राहतो. फोम मऊ, चिकट, वास मारणारा होतो आणि काही दिवसांनी आक्रसतो. उलट चूक केली, म्हणजे ए जास्त झाला, तर फोम ठिसूळ होतो, नखाने चुरा निघतो. दोन्ही दोष बोटाने ओळखता येतात, म्हणून लक्षात ठेवण्यासारखे.

धडात हा दोष कमी दिसला कारण तिथली उष्णता क्रिया बरीच पुढे नेते. पायांत भिंत जवळ, माल थोडा, उष्णता टिकत नाही, म्हणून तिथे चूक उघडी पडली.

आपल्या बाटल्यांचे वजनाचे प्रमाण माहितीपत्रकात असेल तर तेच वापरा. नसेल तर सुई नसलेल्या सिरिंजने प्रत्येकाचे बरोबर २० मिलि घेऊन वजन करा, तेच प्रमाण. दोन्हीसाठी सिरिंज वेगळी, आणि बाटल्यांची झाकणे चुकूनही अदलाबदल होऊ देऊ नका. झाकणाच्या आट्यांत दुसऱ्या भागाचा थेंब गेला की बाटली पुन्हा उघडत नाही.

७२ ग्रॅमच्या टप्प्याला: ए ३८.३, बी ३३.७. एका पायाला सुमारे २० ग्रॅम कालवायचे झाले तर ए १०.६, बी ९.४. इथे १ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा काटा चालत नाही. १० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे ५ टक्के. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

कालवण्याची रीत, एकदा नीट लिहितो.

दोन्ही बाटल्या २३ ते २५ अंशांना आणा. थंड मालाचा फोम कमी फुगतो, जड होतो आणि हिशेब चुकतो. बी ची बाटली अर्धा मिनिट हलवा, त्यातले घटक उभे राहून वेगळे होतात. ए हलवायची गरज नसते, पण आत पांढरी साय किंवा खडे दिसले तर त्याने ओलावा खाल्ला आहे किंवा थंडीत गोठला आहे. ओलावा खाल्लेला माल वापरू नका.

कप पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, त्याला फोम चिकटत नाही. आधी बी मोजा, त्यावर ए ओता. काडी गोल नको, चपटी आणि चौकोनी टोकाची हवी, म्हणजे कपाचा कोपरा खरवडला जातो. २० सेकंद जोरात, तळ आणि कडा खरवडत. इथे रंगाकडे लक्ष द्या. ए गडद तपकिरी, बी फिकट मधासारखा. सुरुवातीला तपकिरी रेघा फिरताना दिसतात. रेघा पूर्ण मिटून एकच बदामी रंग आला की कालवणे झाले. त्यानंतर रंग अचानक दुधाळ व्हायला लागतो आणि पृष्ठभाग हलतो. तोच क्रीम टाइम. मिश्रण तोपर्यंत घोड्यात गेलेले हवे. दुधाळ झाल्यावर ढवळले तर नुकत्या धरलेल्या पेशी फुटतात आणि फोम बसतो.

४० सेकंदांतले २० ढवळण्यात गेले, १० ते १५ ओतण्यात जातात. म्हणून ओतण्याची नळी, धरायला माणूस, घोड्याची स्थिती, सगळे ए ओतण्याआधी तयार ठेवायचे. ओतून झाल्यावर कपाच्या कडेचा माल खरवडून आत टाकू नका. न मिसळलेला माल तिथेच असतो आणि चिकट ठिपके त्यानेच होतात.

आणि चाचणी कपात करा, प्रिंटमध्ये नंतर. २० ग्रॅम मिश्रण ५०० मिलिच्या कपात ओता. घड्याळ लावून क्रीम टाइम आणि फुगणे थांबण्याची वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी वरचा घुमट कापून सपाट करा, ठोकळ्याचे वजन आणि आकारमान घ्या. बाटलीवर ६४ लिहिले असले तरी तुमच्या खोलीत, तुमच्या हाताने ७० किंवा ७५ निघू शकते. पुढचा हिशेब त्या आकड्याने करायचा.

---

पोकळकवच

समान वजनाची चूक लक्षात आली. आणखी दोन गोष्टी. एक, पायाच्या नळीचा आतला व्यास गुडघ्याखाली फक्त १४ मिमी आहे. दोन, बाहेरून आधार द्यावा का? लाकडी चौकट करणे शक्य नाही, आकार फारच वेडावाकडा आहे.

---

फायबरकाम

१४ मिमीच्या नळीत फोम घालू नका. इतक्या बारीक जागेत भिंत सगळी उष्णता ओढून घेते, फोम धड फुगत नाही, आणि समजा नीट फुगला तरी पायाला जी ताकद हवी ती ६४ च्या फोममध्ये नाही. फोम भिंतीला मागून टेकू देतो, तिला दबू देत नाही. वजन पेलणे आणि वाकणे सहन करणे हे काम त्याच्यावर टाकू नये. घोड्याचा सगळा भार त्या चार नडग्यांवर येणार आहे आणि कुणी उचलताना तिथेच तो मोडेल.

माझे मत असे: प्रत्येक पायात ६ मिमी जाड पोलादी सळई, खुरापासून धडात ५-६ सेंमी शिरेल इतकी लांब. धडातले टोक थोडे वाकवा किंवा कानशीने खाचा पाडा, नाहीतर गुळगुळीत सळई फोममध्ये फिरते. सळई तेलकट असते, अॅसिटोनने पुसून घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. घोडा उलटा असताना, धडाच्या शेवटच्या टप्प्याआधी चारही सळया खुरातून आत सोडा आणि खुराच्या तोंडाशी पुठ्ठ्याच्या चकतीने मध्यावर धरा. चकतीला बाजूने खाच ठेवा, हवा जायला. शेवटचा टप्पा फुगत मांडीपर्यंत येतो आणि सळईला धरतो. मांडी अपुरी राहिली तर खुरातून थोडा फोम घाला, पण गुडघ्याच्या वर थांबा. फोम पूर्ण थंड झाला की उरलेली नडगी इपॉक्सीने भरा. १४ मिमीच्या नळीत ६ मिमीची सळई असताना ८ सेंमी लांबीला सुमारे १० मिलि इपॉक्सी पुरते. हार्डनर सावकाश घट्ट होणारा घ्या. जलद घ्याल तर तीही तापते आणि पीएलए तिथेही तेवढाच हळवा आहे. सळईचे टोक खुराबाहेर २ सेंमी राहू दिले तर तेच पाटात बसवायला उपयोगी पडते.

आधाराचे उत्तर: कोरडी वाळू. घोड्याला पातळ पॉलिथिन गुंडाळा, मोठ्या बादलीत पाठ खाली करून ठेवा आणि भोवती वाळू सोडा. वाळू कोणत्याही आकाराला लगडून बसते, भिंतीला बाहेरून धरते आणि उष्णताही ओढून घेते. लाकडी चौकटीपेक्षा ती दोन्ही बाबतींत सरस आहे. फक्त बादली एकदम काठोकाठ भरू नका. रिकाम्या २ मिमी भिंतीला वाळूचा भार आतही ढकलू शकतो. जसजसा आतला फोम वर येईल तसतशी वाळू वाढवत न्या, फोमच्या पातळीपेक्षा ३-४ सेंमी वर, तेवढीच. धोपटून बसवू नका, बादलीला बाहेरून टिचक्या मारल्या की पुरे.

भोकांबद्दल एक पुस्ती. हवेची भोके फोम बाहेर आल्यावर चिकटपट्टीने बंद करायची सवय काहींना असते, म्हणजे फोम आत दाटतो. जाड फायबरच्या साच्यात ते ठीक. पीएलएच्या २ मिमी भिंतीत भोके शेवटपर्यंत उघडी राहू द्या.

---

गाळणी_आणि_हातमोजे

अजून कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण टप्प्याटप्प्याने ओतायचे म्हणजे हे काम दहा वेळा करायचे आहे.

ए मधला आयसोसायनेट श्वसनमार्गाला संवेदनशील करून ठेवू शकतो. याचा अर्थ, एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्यासारखा त्रास होऊ शकतो आणि तो सहसा जन्मभर मागे राहतो. त्वचेवरच्या संपर्कातूनही ही संवेदनशीलता येऊ शकते. दमा असलेल्याने हे काम करूच नये. बाकीच्यांनी नायट्राइलचे हातमोजे, बाजूने बंद चष्मा, पूर्ण बाह्या आणि सेंद्रिय वाफेची गाळणी असलेला मास्क. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. खिडकी उघडी, आणि पंखा असा की हवा तुमच्या पाठीकडून येऊन घोड्याकडून बाहेर जाईल.

त्वचेवर पडला तर लगेच कोरड्या कापडाने टिपून साबण-पाण्याने धुवा. हत्यारांवरचा ओला माल अॅसिटोनने निघतो. घट्ट झालेल्याला कोणताच विद्रावक लागू पडत नाही, खरवडावाच लागतो. अॅसिटोन पीएलएच्या प्रिंटजवळ आणि ज्वालेजवळ नको.

घट्ट फोम सुरीने किंवा बारीक करवतीने कापा. थर्मोकोल कापायची तापलेली तार याला चालवू नका. थर्मोकोलला ती ठीक, पण पीयू फोम जळताना हायड्रोजन सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. घासताना धुळीचा मास्क मात्र हवाच.

उरलेले मिश्रण कपातच ठेवून कचऱ्यात टाकू नका. जाड गोळा आतून तापत राहतो, मोठा असेल तर धुमसू शकतो. पॉलिथिनवर पातळ पसरून उघड्यावर थंड होऊ द्या. आणि ए चे उरलेले थेंब असलेली बाटली पाण्याने विसळून झाकण घट्ट लावून ठेवली तर आत कार्बन डायऑक्साइड साचून ती फुगते, फुटूही शकते. धुण्याचा सोडा ५ ते १० टक्के आणि थोडे डिटर्जंट असलेल्या पाण्यात झाकण उघडे ठेवून दोन दिवस राहू द्या.

---

होडीचा_तळ

थोडा बाजूचा प्रश्न. रिमोटवर चालणाऱ्या होडीच्या फायबरच्या तळात तरंगण्यासाठी हाच ६४ चा फोम वापरला तर? होडीचे एकूण वजन २.४ किलो.

---

फायबरकाम

तरंगण्यासाठी ३२ चा घ्या. एक लिटर ३२ चा फोम गोड्या पाण्यात साधारण ९६८ ग्रॅम उचलतो, ६४ चा ९३६. फरक थोडा, पण निम्म्या मालात काम होते आणि होडी हलकी राहते. २.४ किलोला अडीच लिटर फोम हिशेबात बसतो. होडीचे फायबर आणि बॅटरी स्वतःही थोडे पाणी बाजूला सारतात, ते जमेत धरू नका, ती सुरक्षेची बाजू.

३२ चा फोम मोकळा फुगला तर सुमारे ३५ पट होतो, म्हणून कपात तो अगदी थोडासा दिसतो आणि हात आपोआप सैल पडतो. वजनावरच विश्वास ठेवा. अर्धा पुढे, अर्धा मागे, आणि शक्य तितका डेकजवळ वर. सगळा तळाशी भरला तर पाणी शिरल्यावर होडी उलटते. मोटर, बॅटरी, सुकाणूची जागा मोकळी ठेवायची असेल तर तिथे मेण लावलेला लाकडी ठोकळा पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवा, फोम घट्ट झाल्यावर उपसून काढा. शाफ्ट आणि तारांना आधीच प्लास्टिकची नळी. पुन्हा एक, फोमच्या बहुतेक पेशी बंद असतात, पण सगळ्या नाही. कापलेली बाजू उघडी ठेवली तर तो हळूहळू पाणी पितो. तिला इपॉक्सीचा एक हात द्या.

---

पोकळकवच

कपातली चाचणी झाली. वजनाने १००:८८ घेतले, २० ग्रॅमला क्रीम टाइम ३८ सेकंद, घनता ७१ निघाली. दुसऱ्या दिवशी कोरडा आणि कडक, नखाने चुरा निघत नाही. आता धडाला ३.६ × ७१ म्हणजे २५६, १५ टक्के धरून २९४ ग्रॅम. चारऐवजी पाच टप्पे करू का? आणि पुटी, प्रायमर, रंग हे फोम भरण्याआधी की नंतर?

---

साचेकाम

पाच करा. प्रत्येकी ५९ ग्रॅम आत, ६५ कालवा. टप्पा लहान तितकी भिंत थंड. पहिला टप्पा, जो पाठीला टेकणार आहे, तो आणखी लहान ठेवला तरी चालेल. पाठ हाच सगळ्यात मोठा आणि सपाट दिसणारा भाग आहे आणि तिथे अर्धा मिलिमीटरचा फुगवटाही चकाकत्या रंगात दिसतो.

रंग नंतरच. भरताना जोड थोडे हलतात, आधी केलेली पुटी तडकते.

---

वजनकाटा

भरल्यावर निदान एक आठवडा थांबा, मग पुटी. बंद पेशींतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो तो हवा आत येण्यापेक्षा लवकर, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत पेशींत दाब घटतो आणि कमी भरलेला हलका फोम आत ओढला जातो. १५ टक्के जादा धरायला सांगितले ते मुख्यतः यासाठी. आठवड्याने सगळीकडे टिचकी मारत फिरा. भरीव जागेचा आवाज बद्द येतो, फोम भिंतीपासून सुटला असेल तिथे पोकळ. तशा जागी २ मिमीचे भोक पाडून सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडा, दुसरा फोम नको. अरुंद फटीत तो पुन्हा भिंत ढकलेल.

आणि गडद रंग देणार असाल तर घोडा उन्हात ठेवू नका. काळा पृष्ठभाग उन्हात ६० अंश सहज गाठतो, आतला वायू प्रसरण पावतो, आणि पोटाचा तोच फुगवटा रंगासकट परत येतो.